आरसा आडवा धरून बघा

गेल्या अंकात मी वांगाबद्दल लिहिलं होतं, म्हणून पत्रंही वांगाचीच येतील असं वाटलं होतं. आली ती गाल ओघळल्याची. लग्नसराई तोंडावर आली की दरवर्षी हेच होतं, आणि नवरीपेक्षा नवरीच्या आईची पत्रं जास्त असतात. त्यातली पाच निवडली आहेत. पहिल्या पत्राला उत्तर लांबलचक दिलंय, कारण बाकीच्या बऱ्याच जणींचं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय ४७. नाशिकला बँकेत अधिकारी आहे. गेल्या दोनेक वर्षांत हनुवटीच्या दोन्ही बाजूंना, जबड्याच्या कडेला मांस लोंबल्यासारखं दिसायला लागलंय. नाकापासून ओठापर्यंतची घडीही खोल झाली आहे. फोटोत मी कायम चिडलेली दिसते. मुलीचं लग्न फेब्रुवारीच्या शेवटी आहे. तीन ठिकाणी दाखवलं. पहिल्यांनी हायफू सांगितलं, ३५ हजार. दुसऱ्यांनी धागे, ७० हजार. तिसऱ्यांनी फिलरच्या चार सिरिंज, प्रत्येकी २२ हजार. तिघंही म्हणाले, तुमच्यासाठी हेच बेस्ट. अहो, एकाच चेहऱ्याला तीन तीन इलाज कसे? सासूबाई म्हणतात, 'वय झालं की व्हायचंच, पैसे कशाला घालवतेस?' वजन ६१ किलो, शुगर-बीपी नाही. पाळी मात्र अनियमित झाली आहे.

उत्तर : तिघांनी तीन इलाज सांगितले, कारण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी जे मशीन हप्त्यावर घेतलेलं असतं तेच पेशंटला लागू पडतं. तुम्ही बँकेत आहात, हप्त्याचं गणित मी तुम्हाला सांगायला नको. पण खरी गोम वेगळीच आहे. 'गाल ओघळले' हे आपण एका दमात म्हणतो, आतमध्ये मात्र पाच वेगवेगळ्या गोष्टी घडत असतात. त्यातली तुमच्यात कुठली जास्त घडली आहे, हे तिघांपैकी कुणीच सांगितलेलं दिसत नाही. सांगितलं असतं तर तुम्ही पत्रात दराच्या आधी ते लिहिलं असतं.

वरून खाली जाऊ. सगळ्यात वर त्वचा. तिच्यातलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन, तिशीपासून हळूहळू कमी होतं आणि पाळी गेल्यावर एकदम घसरतं. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं जवळजवळ ३० टक्के कोलॅजन जातं आणि पुढे दर वर्षी साधारण २ टक्के. तुमची पाळी अनियमित झाली आहे, म्हणजे तुम्ही त्या उतरणीच्या तोंडाशी आहात. त्वचेखाली चरबीच्या गाद्या. त्या सगळ्या मिळून एक थर नसतो, कप्पे असतात. डोळ्याखालचे आणि गालाच्या उंचवट्याचे कप्पे रोडावतात, जबड्याजवळचे जड होऊन खाली सरकतात. त्याखाली स्मास, स्नायूंना धरून असलेलं मजबूत पातळ पटल. १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच सर्जननी त्याचं वर्णन केलं आणि फेसलिफ्टची सगळी शस्त्रक्रियाच बदलली. मग हे सगळं हाडाला बांधून ठेवणारे बंध. आणि शेवटी हाड. तेही झिजतं. जबड्याचं आणि वरच्या ओठामागचं हाड आत जातं, म्हणजे तंबूचा बांबूच आखूड होतो आणि कापड आपोआप ढिलं पडतं.

तुम्ही लिहिलेलं लोंबणं आरशात नीट पाहा. जबड्याची रेघ हनुवटीपासून मागे जाताना आधी एका ठिकाणी किंचित आत दबलेली दिसेल आणि लगेच त्यामागे फुगवटा. दबलेल्या जागी त्वचा हाडाला घट्ट बांधलेली असते, ती सुटत नाही. मागचं सगळं खाली येऊन तिथे अडतं. डोळ्याला फुगवटाच खुपतो, पण सुरुवातीच्या काळात निम्मा दोष त्या खड्ड्याचा असतो.

आता एक परीक्षा घरीच करा. पैसे लागत नाहीत. सकाळी खिडकीपाशी, तोंड धुऊन, केस मागे बांधून उभ्या राहा आणि सरळ आरशात बघा. मग उताण्या झोपा आणि हातातला आरसा चेहऱ्यावर आडवा धरून बघा. चेहरा मागे जातो, जबड्याची रेघ मोकळी होते. हा साधारण तुम्हाला हवा असलेला चेहरा. मग आरसा टेबलावर ठेवून त्यावर ओणव्या व्हा. हे बघून घाबरू नका, काही वर्षांनी काय होईल याचा तो अंदाज आहे. उभं राहून आणि झोपून यात मोठा फरक दिसला तर तुमचा त्रास खरोखर ओघळण्याचा आहे. फारसा फरक दिसला नाही, झोपल्यावरही डोळ्याखाली आणि गालात पोकळच वाटलं, तर काही ओघळलेलं नाही, आतलं भरण कमी झालंय. तिथे ओढाताण करणारा कुठलाही इलाज चेहरा आणखी सुकलेला करून ठेवील.

तिघांनी सांगितलेलं आता एकेक करून बघू.

हायफू म्हणजे ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून आत उष्णता देणं. वरच्या त्वचेला धक्का न लावता दीड, तीन किंवा साडेचार मिलिमीटर खोलीवर ६० ते ७० अंशांचे बारीक बारीक चटके बसतात. साडेचारचा चटका स्मासपर्यंत पोचतो. शरीर ती जखम भरताना नवं कोलॅजन तयार करतं, म्हणून परिणाम त्याच दिवशी दिसत नाही, दोन-तीन महिने लागतात. यातलं अल्थेरा हे मशीन अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियंत्रण संस्थेने २००९ मध्ये भुवई उचलण्यासाठी आणि २०१२ मध्ये हनुवटीखालच्या भागासाठी मान्य केलं. त्यात आतला थर पडद्यावर दिसतो, म्हणजे चटका कुठे बसणार हे डॉक्टर बघून ठरवतात. स्वस्त मशिनांमध्ये हा पडदा नसतो, सगळा अंदाजाचा मामला. ३५ हजार कुठल्या मशीनचे आहेत हे विचारा आणि बिलावर त्याचं नाव लिहून मागा. दुखतं का? हो. जबड्याच्या हाडाजवळ कळ जाते. कुणी 'अजिबात दुखत नाही' म्हणालं तर एक तर मशीन मंद ठेवलंय, नाही तर ते स्वतः कधी त्या टेबलावर झोपलेले नाहीत. फायदा किती? मी पेशंटना सांगते, झोपून जो चेहरा दिसला त्याच्या दिशेने चार पावलं, तिथपर्यंत नाही. आणि तेही वर्ष-दीड वर्ष. गाल मुळात बारीक असतील तर मात्र सांभाळून, कारण चटका चरबीत बसला तर आहे तेवढीही विरघळते.

यालाच मोनोपोलर रेडिओफ्रिक्वेन्सी (आरएफ), म्हणजे रेडिओलहरींची उष्णता, हा पर्याय आहे. थर्माज हे त्यातलं जुनं नाव, २००२ पासूनचं. ते एका बिंदूवर नाही, त्वचेच्या सगळ्या जाडीला उष्णता देतं. त्वचा सैल, सुरकुतलेली असेल पण आतलं फार घसरलेलं नसेल तर मला ते जास्त पटतं. पेसमेकर असेल त्यांना मात्र चालत नाही.

धागे. त्वचेखालून काटेरी धागा घालून ओढून बसवायचा. टेबलावरून उठल्या उठल्या फरक दिसतो, म्हणून सगळ्यात पटकन विकला जाणारा इलाज हाच. पीडीओ या विरघळणाऱ्या पदार्थाचा धागा साधारण सहा महिन्यांत जातो. पॉलिलॅक्टिक ॲसिडचा वर्ष-दीड वर्ष टिकतो. पण धागा टिकणं आणि चेहरा उचललेला राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेहरा दिवसभर बोलतो, चावतो, हसतो. काटे मऊ चरबीतून हळूहळू सुटतात. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, नुसत्या बसल्या की सुंदर आणि हसल्या की उजव्या गालावर बोटभर लांबीची चुणी, उशीच्या अभ्र्याला टाका जास्त ओढला गेल्यासारखी. हसणं टाळायची सवय लागली होती त्यांना. पातळ चेहरा, थोडंसंच ओघळणं आणि धाग्यात मुरलेला हात, हे तिन्ही जुळून आलं तर धागे बरे. तुमच्या बाबतीत मी ते सुचवणार नाही. लेकीच्या लग्नात आईला दिवसभर हसायचं असतं.

चार सिरिंज फिलर, म्हणजे त्वचेखाली भरायची जेल? ज्यांनी सांगितलं त्यांना विचारा, कुठे किती घालणार? नाक-ओठांच्या घडीतच सगळं ओतायचं असेल तर नको. घडी खोल दिसते ती वरचा गाल खाली आल्याने. घडीत भरत गेलं की तोंडाचा भाग जड, माकडासारखा पुढे दिसायला लागतो. फुगवट्याच्या पुढच्या त्या खड्ड्यात आणि हनुवटीच्या बाजूला थोडंसं घातलं तर मात्र जबड्याची रेघ सलग दिसते आणि फुगवटा लपतो. एखादी सिरिंज, फार तर दोन. हायलुरोनिक ॲसिडचं फिलर हायलुरोनिडेज या इंजेक्शनने विरघळवता येतं. ते इंजेक्शन त्यांच्या फ्रीजमध्ये आहे का, हा प्रश्न संकोच न करता विचारा. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर होते, कळा येतात, आणि अगदी क्वचित नजरही जाते. तेव्हा 'मागवून घेतो' म्हणायला वेळ नसतो.

चेहरा हातात घेतल्याशिवाय मी शिक्कामोर्तब करणार नाही, पण तुमच्या वर्णनावरून माझा कल सांगते. आडव्या आरशात फरक दिसला तर पडदा असलेलं हायफू, एकदाच, आणि ते याच महिन्यात. म्हणजे फेब्रुवारीपर्यंत तीन महिने मिळतात. मध्ये दुसरं काही नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परत दाखवा आणि खड्डा खुपत असेल तर तिथे फिलर. सूज आणि काळंनिळं उतरायला दोन आठवडे धरा, म्हणजे लग्नाआधी महिनाभर सगळं आटोपलेलं हवं. शेवटच्या पंधरा दिवसांत नवीन काहीही नाही, पार्लरमधलं नवं फेशियलसुद्धा नाही. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर भाजलं-सोललं की डाग पडतो आणि तो जायला महिने घेतो.

क्लिनिकमध्ये 'आधी-नंतर'चे फोटो दाखवतील. त्यात हनुवटी बघा. नंतरच्या फोटोत ती अर्धा इंच वर उचललेली असते, प्रकाश समोरून असतो, कधी केसही वर बांधलेले असतात. कानातलं खांद्यापासून किती वर आहे यावरूनही मान ताणली आहे का ते कळतं. मशीन प्रत्यक्ष कोण चालवणार हे विचारा. सल्ला डॉक्टरांचा आणि प्रोब हातात रिसेप्शनवरच्या मुलीच्या, असं सर्रास चालतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीची पदवी, दोन्ही भिंतीवर दिसायला हवं. आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, सांगितलेल्या दरात तो धरलाय का तेही बघा.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांचंही चूक नाही. काहीच न करणं हाही एक इलाज आहे, आणि सुरुवातीच्या ओघळण्यात तो बऱ्याचदा शहाणपणाचा असतो. हे पैसे राखून ठेवून पंचावन्न-साठीला एकदाच चांगली फेसलिफ्ट करून घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. दर वर्षी मशिनखाली झोपणाऱ्यांपेक्षा त्यांचा एकूण खर्च कमी झाला. पाळीबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा, पण निव्वळ चेहऱ्यासाठी हार्मोनच्या गोळ्या मागू नका.

प्रश्न : मी २८ वर्षांची, हिंजवडीत आयटीत आहे. माझी जॉलाइन आत्ताच शार्प नाही. एका क्लिनिकने 'प्रिव्हेंटिव्ह' पॅकेज दिलंय, वर्षातून दोनदा हायफू आणि तीनदा आरएफ मायक्रोनीडलिंग. मैत्रिणी घेत आहेत. घेऊ का?

उत्तर : नको. तुझ्या वयाला 'तुम्ही' म्हणवत नाही, म्हणून तूच म्हणते. न ओघळलेला चेहरा उचलता येत नाही. चटके देऊन तुझी गालातली चरबी कमी झाली तर चाळिशीत तीच परत भरायला पैसे मोजशील. सुयांच्या आरएफबद्दल तर ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिलाय, भाजणं, व्रण, चरबी जाणं, नसांना इजा अशा तक्रारी आल्यावर. पुरळाच्या खड्ड्यांसाठी मी तो इलाज वापरते, तिथे तो कामाचा आहे. खड्डे नसताना आणि ओघळ नसताना नको.

जॉलाइन शार्प नसण्याची कारणं तुझ्या वयात बहुतेक वेळा तीनच असतात. जन्मजात छोटी हनुवटी, वजन, नाही तर लॅपटॉपवर मान खाली घालून बसणं. पहिल्याला हायफूचा काडीचा उपयोग नाही.

खरी खबरदारी हवी असेल तर ती ट्यूबमध्ये मिळते. ऑस्ट्रेलियातल्या नंबूर गावात साडेचार वर्षं एक अभ्यास चालला, २०१३ मध्ये छापून आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेत म्हातारपणाच्या खुणा, वाटेल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी होत्या. आणि २०१२ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरचा फोटो आला होता. २८ वर्षं ट्रक चालवला होता. चेहऱ्याचा डावा अर्धा, खिडकीकडचा, उजव्यापेक्षा कितीतरी म्हातारा. जाड, घड्याघड्यांचा, लोंबलेला. काचेतून ऊन लागत नाही म्हणतात, पण त्वचा सैल करणारे यूव्हीए किरण काचेतून आरामात येतात. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, तेव्हा कंपनीच्या कॅबमध्ये तू कुठल्या खिडकीशी बसतेस तो गाल बघ. सकाळी दोन बोटं भरून सनस्क्रीन, रात्री रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या जातीचं मलम. ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं असू दे, आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरुवात कर, आणि मुलाचा विचार असेल तेव्हा बंद. पॅकेजच्या पैशांत पाच वर्षांची सोय होईल.

प्रश्न : मी इंदूरला असते, वय ५३. इंजेक्शन, मशीन काही नको आहे, भीती वाटते. चेहऱ्याचा योग आणि कोलॅजनची पावडर याने गाल वर येतील का? सूनबाईने पावडरचा डबा आणून दिलाय, फारच महागाचा.

उत्तर : सूनबाईंना आधी शाबासकी द्या, मग डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. कोलॅजन हे मासळीचं किंवा जनावरांच्या कातडी-हाडांचं असतं. शाकाहारी घरात 'ब्यूटी पावडर' म्हणून काय येतंय ते माहीत असलेलं बरं. वनस्पतीत कोलॅजन नसतंच, तेव्हा 'व्हेज कोलॅजन' लिहिलं असेल तर आत बहुधा क जीवनसत्त्व आणि अमिनो आम्लं असतात. पोटात गेल्यावर कोलॅजनचे तुकडे होतात आणि ते तुकडे गालाकडेच जातील असं शरीराला कुणी सांगितलेलं नाही. त्वचेची ओल थोडी सुधारते असे काही छोटे अभ्यास आहेत, पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांना पैसा पावडर विकणाऱ्यांचाच आहे. घसरलेला गाल वर आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. डबा संपवा, दुसरा आणू नका. त्यापेक्षा दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण, उसळ, पनीर, दही. या वयात आपल्या बायकांच्या ताटात प्रथिनंच कमी असतात.

चेहऱ्याच्या व्यायामाची मात्र मी थट्टा करत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने ४० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांवर अभ्यास केला. वीस आठवडे, रोज किंवा दिवसाआड अर्धा तास. फोटो बघणाऱ्या डॉक्टरांनी आधी सरासरी वय ५०.८ सांगितलं आणि शेवटी ४८.१. गालाची भर थोडी वाढलेली दिसली. पण २७ जणींनी सुरुवात केली आणि शेवटपर्यंत १६च टिकल्या, आणि काहीच न करणाऱ्या बायकांशी तुलनाही नव्हती. म्हणजे आशा वाटावी इतकं आहे, हमी द्यावी इतकं नाही. फुकट आहे, घरात करता येतं, करून बघा. दोन पथ्यं मात्र पाळा. कपाळाला आठ्या आणि डोळ्यांभोवती चुण्या पडतील असे प्रकार नकोत, आणि बोटांनी त्वचा खसाखसा ओढायची नाही. गालाचा स्नायू फुगवायचा आहे, कातडी ताणायची नाही.

प्रश्न : मी कोल्हापूरचा, वय ५६, दुकान आहे. मधुमेहासाठी डॉक्टरांनी आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं. नऊ महिन्यांत २२ किलो वजन उतरलं, शुगर ताब्यात आली. पण तोंड असं लोंबलंय की गिऱ्हाईक विचारतं, 'मालक, आजारी हाय काय?' पुरुषांनी असलं काही करावं का? खालच्या दाढा पूर्वीच काढल्या आहेत. तंबाखू आहे थोडी.

उत्तर : करावं की. आरसा बाईमाणसालाच असतो असं कुणी सांगितलं? मार्च २०२५ मध्ये मुंजारो हे असंच आठवड्याचं इंजेक्शन आपल्याकडे आल्यापासून अशी तोंडं घेऊन येणाऱ्यांची रांग लागली आहे. त्वचा ताणली गेली होती, खालची चरबी झपाट्याने गेली, आणि पंचावन्नच्या पुढे त्वचा रबरासारखी परत आवळत नाही. इंजेक्शन मात्र चेहऱ्यासाठी बंद करू नका. शुगर ताब्यात आली ही चेहऱ्यापेक्षा मोठी कमाई आहे.

आत्ता काहीही करायचं नाही. वजन किमान सहा महिने एका जागी थांबू दे. तोवर दातांच्या डॉक्टरांकडे जा. हे तुमच्या मनातही आलं नसेल, पण दाढा काढल्या की त्या जागचं जबड्याचं हाड झिजत जातं आणि गाल आत बसतो. दाढा नीट बसवल्या की गालाला आतून टेकू मिळतो. माझ्याकडे पाठवलेले काही जण दात बसवून आले आणि म्हणाले, मॅडम, आता राहू दे. प्रथिनं आणि वजनं उचलण्याचा व्यायामही हवा, नाही तर चरबीबरोबर स्नायूही जातो.

त्यानंतरही लोंबत असेल तर मशीन नाही, धागे नाहीत. २२ किलोची सैल कातडी चटक्यांनी आवळत नाही. तिथे प्लास्टिक सर्जनकडेच जायचं. कानापुढून, पाळीखालून, कानामागे असा छेद घेतात आणि आतला स्मास उचलून टाके घालतात. कातडी नुसती ओढत नाहीत. पुरुषांच्या बाबतीत एक गंमत होते. दाढीची त्वचा मागे सरकते, मग काहींना कानाच्या पुढच्या उंचवट्यावर, कधी कानामागेही वस्तरा फिरवावा लागतो. सर्जनला हे आधी विचारा, छेद कुठून घ्यायचा ते त्यावर ठरतं. आत रक्त साठणं ही यातली सगळ्यात नेहमीची भानगड, आणि दाढीच्या भागाला रक्तपुरवठा भरपूर असल्याने ती पुरुषांत जास्त दिसते. बीपी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लपवू नका. ते आठवड्याचं इंजेक्शनही भूलतज्ज्ञांना सांगा, त्याने जेवण पोटात जास्त वेळ राहतं आणि उपाशी राहण्याचे तास त्यावर ठरतात.

आणि 'थोडी' तंबाखू. मळलेली असो की धुराची, निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि उचललेल्या त्वचेची कड, बहुधा कानामागची, काळी पडून मरते. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. सर्जन भला असेल तर तंबाखू सोडल्याशिवाय तारीख देणार नाही. तोंड किती उघडतं तेही दातांच्या डॉक्टरांना बघू दे. तीन बोटं उभी आत जात नसतील तर चेहऱ्याचं नंतर बघू, आधी ते. विमा या खर्चाला लागू होत नाही, हे दुकानाच्या हिशेबात धरून चला.

प्रश्न : दहा दिवसांपूर्वी दोन्ही गालांत धागे घातले. उजवीकडे कानशिलाजवळ दोऱ्याचं टोक सुईसारखं टोचतंय, लालसर फोड आली आहे. क्लिनिकवाले फोनवर म्हणतात, 'विरघळेल, बर्फ लावा.' टोक ओढून काढू का? नाव छापू नये. (ठाणे)

उत्तर : ओढू नका. धाग्याला काटे असतात. ओढलात तर एक तर अर्ध्यात तुटेल, नाही तर काटे आतलं फाडत येतील. कातरून टाकायचंही घरी करू नका.

विरघळायला महिने लागतात, आणि बाहेर आलेलं टोक म्हणजे जंतूंना आत शिरायला उघडी वाट. हे अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून तुम्हाला ईमेलने लगेच कळवलं होतं. इथे बाकीच्यांसाठी देते. त्याच दिवशी क्लिनिकमध्ये प्रत्यक्ष जायचं आणि डॉक्टरांनाच दाखवायचं. निर्जंतुक करून टोक काढणं हे बहुतेक वेळा काही मिनिटांचं काम असतं. ताप, पू, गाल गरम होऊन फुगणं, तोंड उघडताना दुखणं यातलं काहीही असेल तर रात्र काढायची नाही, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं. तोवर त्या कुशीवर झोपायचं नाही, मसाज नाही, चावायला कडक काही नाही, पार्लर नाही. फोड फोडायची नाही. टोकाचा रोज एकाच जागेवरून, खिडकीच्या उजेडात फोटो काढून ठेवायचा.

आणि क्लिनिककडून धाग्याचं नाव, तो कशाचा आहे, किती घातले, कुठल्या बाजूला किती, आणि पाकिटावरचा बॅचचा स्टिकर मागून घ्यायचा. हे कागद तुमचेच आहेत. द्यायला टाळाटाळ केली तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना तेही सांगा, कारण आत पीडीओ आहे की न विरघळणारं काही, यावर पुढचा सगळा इलाज ठरतो. दुसऱ्या गालावर हसताना खळीसारखी चुणी दिसत असेल तर मात्र लगेच घाबरू नका. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती बऱ्याचदा आपोआप सैल होते. तीन आठवड्यांनंतरही राहिली तर डॉक्टर बाहेरून हलक्या हाताने दाबून तो काटा सोडवू शकतात.